सात काळे ठिपके

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डोंबिवलीच्या वन्संचा दोनदा फोन येऊन गेला, "वहिनी, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. ह्यांच्यामागे दिवस कुठे जातो कळत नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात कल्याणला एका मुंजीत भेट झाली तेव्हा आपल्यातल्याच कोणीतरी (नाव लिहीत नाही, ते वाचतातच) जेवता जेवता विचारलं, "ते अल्झायमरवर नवीन इंजेक्शन निघालंय म्हणे. तुम्ही का नाही दिलंत?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता, पण घास अडकला. पंगतीत बसून याचं उत्तर देता येत नाही. मी इतिहासाची शिक्षिका. मला कुठलीही गोष्ट सांगायची तर सनावळीसकटच सांगता येते. म्हणून हे लांबलचक उत्तर.

हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कर्जतपासून कुर्ल्यापर्यंत कुठला सांधा कुठे आहे ते झोपेतही सांगायचे. २०१८च्या पावसाळ्यात हा माणूस दिवा स्टेशनच्या पुलावर उभा राहिला आणि घर पूर्वेला की पश्चिमेला हेच त्याला आठवेना. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालंय" म्हणून टॉनिक लिहून दिलं. दुसऱ्यांनी सांगितलं की हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा प्रकार आहे, अल्झायमर नव्हे. तिसरे म्हणाले अल्झायमरच आहे, रक्तवाहिन्यांचं विशेष काही नाही. २०१९ मध्ये ठाण्याला एमआरआय केला. त्याच्या रिपोर्टमध्ये दोन्ही होतं. मेंदू आकसलेला, लहान रक्तवाहिन्यांमध्ये जुने बदल, आणि सूक्ष्म रक्तस्राव, सात. फिल्म उजेडात धरली तर काळे ठिपके दिसतात, तीळ सांडल्यासारखे. रक्त झिरपून वाळतं, त्यातलं लोह तिथेच राहतं, आणि एमआरआयच्या चुंबकाला ते लोह काळं दिसतं.

मला प्रश्न पडला तो हा, की दोन डॉक्टर दोन रोग सांगतात आणि एकाच फिल्ममध्ये दोन्ही दिसतात, हे कसं? विज्ञानाचा मला गंध नाही. बीए मराठी माध्यमातून केलं, तेही नोकरी करता करता. पण माझी भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. ती सुटीला आली की मी तिला पकडून बसवते. ती इंग्रजी निबंध वाचते, मराठीत सांगते, मी वहीत उतरवून घेते. चार वर्षांत तीन वह्या भरल्या. खालचं सगळं त्या वह्यांतलं.

सुरुवात जर्मनीतून. १९०१ साली फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ऑगस्ट नावाची एक बाई दाखल झाली. वय ५१. नवऱ्याबद्दल संशय, विस्मरण, भटकणं. डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. ती १९०६च्या एप्रिलमध्ये वारली, तेव्हा अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत सांगितलं. १९०७ मध्ये ते छापून आलं. पेशींमधले गुंते आणि पेशींबाहेर साचलेला साका, या दोन गोष्टी तेव्हापासून प्रसिद्ध आहेत.

भाचीने तो दोन पानांचा मजकूर मला वाचून दाखवला तेव्हा मी तिला मध्येच थांबवलं. त्यात रक्तवाहिन्या आहेत! मोठ्या वाहिन्या कडक झाल्याचं अल्झायमरांनी लिहिलं आहे. बारीक वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि काही ठिकाणी वाहिन्यांची संख्याच वाढली आहे, हेही लिहिलं आहे. म्हणजे पहिल्या कागदावर ही नोंद आहे आणि पुढच्यांनी ती वाचून सोडून दिली. इतिहासात असं फार वेळा होतं. बखरीत सगळं असतं, पाठ्यपुस्तकात दोन ओळी येतात आणि पुढच्या पिढ्या त्या दोन ओळींवर वाढतात.

मग लंबक उलट्या बाजूला गेला. म्हातारपणी बुद्धी गेली की "मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाला" असं सरसकट म्हणायची पद्धत पडली. आमच्या सासऱ्यांना १९७०च्या सुमारास रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या, ते आठवतं. त्यांचा उपयोग काय झाला ते सासूबाईच जाणोत.

पण रक्तपुरवठा कमी झाला हे जिवंत माणसात मोजणार कसं? या मोजण्याचाही छान इतिहास आहे. १८८०च्या आसपास इटलीत अँजेलो मोसो नावाच्या शास्त्रज्ञाला बर्टिनो नावाचा शेतकरी भेटला. डोक्याला मार लागून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं. त्या भोकातून मेंदूची धडधड दिसायची. देवळाची घंटा वाजली की बर्टिनोला प्रार्थनेची आठवण व्हायची आणि ती धडधड वाढायची! माझ्या मते माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह आणि विचार यांचा संबंध दाखवणारं ते पहिलं चित्र. घंटा वाजवून काढलेलं.

खरं मोजमाप आलं १९४०च्या दशकात. अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी युक्ती काढली. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू दहा मिनिटं हुंगायला द्यायचा, हातापायाच्या धमनीतून आणि मानेच्या शिरेतून, अशा दोन्हीकडून रक्त घेत राहायचं आणि फरकावरून हिशोब करायचा. आणि आता मंडळी, नीट वाचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत म्हाताऱ्या माणसांवर ही पद्धत वापरून जो अभ्यास झाला, त्या निबंधावर केटींच्याही आधी पहिलं नाव आहे ते दराब दस्तूर यांचं. हे आपल्या मुंबईचे. पुढे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मेंदूविकृतीचा विभाग त्यांनी चालवला.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचे आकडे मी वहीत चौकटीत लिहून ठेवले आहेत. विशीतल्या तरुणांच्या मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला ६२ मिलिलिटर रक्त मिळतं. सत्तरीच्या निरोगी म्हाताऱ्यांना ५८. म्हणजे जवळजवळ तेवढंच. बुद्धिभ्रंश झालेल्यांना ४८. "वय झालंय" म्हणणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांना हा आकडा दाखवावा असं फार वाटतं. नुसत्या वयाने एवढं आटत नाही हो, हे साठ वर्षांपूर्वी मोजून झालंय! आणखी एक बारीक नोंद त्यात होती. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पण रक्तवाहिन्या कडक झालेल्या काही म्हाताऱ्यांत प्रवाह आधीच कमी झाला होता. मेंदू आहे त्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून काम भागवत होता. लक्षणं काहीच नव्हती.

यानंतर लंबक पुन्हा फिरला. १९६८ ते १९७०च्या दरम्यान इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या तिघा डॉक्टरांनी मृत्यूनंतर मेंदू तपासून दाखवलं की पुष्कळ जणांत दोष त्या साक्याचा आणि गुंत्यांचा आहे, अडलेल्या रक्तवाहिन्यांचा नाही. १९७४ साली व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी अनेक छोट्या झटक्यांनी होणारा बुद्धिभ्रंश वेगळा काढला. झालं, दोन कप्पे पडले. एकावर अल्झायमर, दुसऱ्यावर रक्तवाहिन्या. आमचे दुसरे आणि तिसरे डॉक्टर एकेका कप्प्यातले.

शाळेत मी नववीला "पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा" हा प्रश्न घालायची. दरवर्षी एखादा हुशार मुलगा एकच कारण लिहायचा आणि तेच कसं खरं यावर पानभर भांडायचा. त्याला पाचातले दोन मिळायचे. असो.

गंमत अशी की ज्या अमायलॉइड प्रथिनावर मग सगळ्यांचा भर राहिला, ते हाती लागलं रक्तवाहिन्यांतूनच. १९८४ साली सॅन दिएगोला जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून ते वेगळं केलं. मेंदूतल्या साक्यातही तेच निघालं. म्हणजे गुन्हेगार पकडला गेला तो वाहिन्यांच्या घरात, पण पंचनाम्यात घराचा पत्ताच लिहिला नाही.

आता उंदीर. माझी भाची म्हणते, "आत्या, मेलेल्या माणसाचा मेंदू म्हणजे गाव जळून गेल्यावरचा फोटो. आग कुठे लागली ते त्यात दिसत नाही." उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. १९९५ साली अमेरिकेत असा उंदीर तयार झाला की ज्यात माणसाचं बिघडलेलं जनुक घातलं होतं आणि ज्याच्या मेंदूत वयाबरोबर साका जमत गेला. पुढे असे आणखी वाण आले. उंदराचं आयुष्य दोनेक वर्षांचं. त्यामुळे तोच उंदीर तरुणपणी, मध्यमवयात आणि म्हातारपणी, पुन्हा पुन्हा बघता येतो. माणसात हे करायला एका डॉक्टरची कारकीर्द पुरायची नाही.

बघायचं कसं? एक वाट एमआरआयची. उंदरासाठी लहान आणि फार जोरकस चुंबक लागतं. विशिष्ट प्रकारे चित्र घेतलं तर वाहतं रक्त पांढरं चमकतं आणि जिथे प्रवाह नाही तिथे रेघ तुटलेली दिसते. २००३ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या नोव्हार्टिस कंपनीतल्या निकोलाऊ बेकमन आणि त्यांच्या गटाने एपीपी-२३ नावाच्या वाणाचे उंदीर असे तपासले. अकरा महिन्यांच्या उंदरांत मानेतून मेंदूत जाणाऱ्या धमनीत रेघ तुटलेली. वीस महिन्यांच्या उंदरांत मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातही. चित्र फसवत नाही ना हे पाहायला त्यांनी त्याच उंदरांच्या रक्तवाहिन्यांत राळेसारखा पदार्थ भरून, भोवतालचा मेंदू काढून टाकून नुसत्या वाहिन्यांचा साचा बनवला. रेघ तुटली होती तिथे खरोखरच वाहिन्या नाहीशा किंवा वाकड्यातिकड्या झालेल्या. आणि आजूबाजूला बारीक नव्या वाहिन्या, बहुधा पर्यायी वाट म्हणून फुटलेल्या. हे ऐकताना मला १९०७चा तो कागद आठवला, "काही ठिकाणी वाहिन्यांची संख्या वाढली आहे." दोन्ही एकच का ते मी सांगू शकत नाही. पण अंगावर काटा आला.

दुसरी वाट खिडकीची. उंदराच्या कवटीचा नखाएवढा तुकडा काढून तिथे काच बसवतात. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी टू-फोटॉन नावाचा सूक्ष्मदर्शक केला, त्याने काचेतून जिवंत मेंदूच्या आत खोलवर पाहता येतं. रक्तात चमकणारा रंग सोडला की वाहिनी उजळते आणि रंग न घेणाऱ्या रक्तपेशी सावल्यांसारख्या पळताना दिसतात. भाचीने मला फोनवर असं एक चित्रण दाखवलं. आमच्या गॅलरीतून रात्रीच्या लोकल दिसतात ना, तसंच! फक्त एका फाट्यावर गाडी हलतच नव्हती.

त्या न हलणाऱ्या गाडीचाच शोध २०१९ मध्ये कॉर्नेलमधून आला. अल्झायमरच्या उंदरांत दर शंभरातल्या साधारण दोन केशवाहिन्या तुंबलेल्या होत्या. निरोगी उंदरांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तुंबायचं कारण साका नव्हता, वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेली एक पांढरी रक्तपेशी होती. शंभरात दोन म्हणजे काय एवढं? दिव्यात राहणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. एक गाडी अडली की तिच्यामागची दहा अडतात, आणि २ जानेवारी २०१५ला गाड्या अडकल्यावर लोक रुळांवर उतरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मेंदूतही तसंच, एक वाहिनी तुंबली की तिच्यापुढच्या फांद्यांना रक्त कमी पडतं. त्या पेशींना चिकटू न देणारं औषध दिल्यावर काही तासांत प्रवाह वाढला आणि उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली.

उंदरांची. हे अधोरेखित करते, कारण असं वाचलं की मन लगेच धावतं. उंदरांत बरा झालेला अल्झायमर माणसात बरा झाला नाही, याची यादी फार मोठी आहे. पण माणसांतही पुरावा मिळाला. २०१६ साली १,१७१ माणसांच्या सात हजारांहून अधिक मेंदूचित्रांचा एकत्र हिशोब झाला, त्यात रक्तप्रवाहातला बिघाड हा सगळ्यात आधी दिसणाऱ्या बदलांपैकी निघाला. दस्तूरांची ती बारीक नोंद आठवा, लक्षणं नाहीत पण प्रवाह कमी.

आता इंजेक्शनकडे येते. कल्पना १९९९ची, तीही उंदरांतूनच. शरीराला अमायलॉइडविरुद्ध लढायला लावायचं. उंदरांत साका साफ झाला. माणसांवरची चाचणी मात्र २००२च्या जानेवारीत थांबवावी लागली, कारण लस दिलेल्या ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला सूज आली. मग लढणारी प्रतिपिंडं बाहेरून टोचण्याचा मार्ग आला. आणि त्याच २००२ साली, स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या मथियास युकर यांच्या गटाने म्हाताऱ्या एपीपी-२३ उंदरांना अशी प्रतिपिंडं टोचून पाहिली. साका कमी झाला, पण मेंदूतले सूक्ष्म रक्तस्राव वाढले. कारण या वाणात अमायलॉइड वाहिन्यांच्या भिंतींतही भरलेलं असतं. जुन्या चाळीच्या पाइपात गंज साचतो, तो खरवडून काढायला जावं तर पाइपच गळायला लागतो. आमच्या प्लंबरचं वाक्य आहे, "काकू, गंजानेच धरून ठेवलाय."

उंदरांनी जे सांगितलं होतं तेच पुढे माणसांत दिसलं. लेकानेमॅब नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, तुम्ही पेपरात वाचलं ते याच जातीचं. जवळजवळ १,८०० लोकांच्या दीड वर्षाच्या चाचणीत आजार वाढण्याचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. बरा झाला नाही, थोडा सावकाश झाला. आणि औषध घेणाऱ्या साधारण १७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, काहींना गंभीर झाला. म्हणून ज्यांच्या मेंदूत आधीच चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव आहेत, त्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं.

ह्यांचे सात.

२०२३च्या जुलैमध्ये मुलाने बातमी पाठवली आणि फोनवर म्हणाला, "आई, बाहेरून मागवू. पैशांचं बघू, दिव्याचा फ्लॅट विकू." मी दोन रात्री झोपले नाही. फ्लॅट विकायला मी तयार होते. मेंदूच्या डॉक्टरांकडे फिल्म घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, एक तर आजार सुरुवातीच्या टप्प्याच्या पुढे गेलाय, हे औषध त्या टप्प्यासाठीच आहे; आणि दुसरं म्हणजे हे ठिपके. मी ऐकून घेतलं, पण खरं सांगायचं तर विश्वास बसला नाही. वाटलं, म्हातारा माणूस म्हणून टाळतायत. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालंय" म्हटल्यापासून माझ्या मनात तेवढी अढी बसलेलीच होती.

भाचीने नंतर तो २००२चा निबंध वाचून दाखवला तेव्हा अढी सुटली. वीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूचे काप कोणीतरी एकेक करून तपासले, त्यांतल्या लोहाच्या खुणा मोजल्या. म्हणून २०२३ मध्ये एका डॉक्टरला दिव्याच्या बाईला "नको" म्हणता आलं. "तुला त्या उंदरांचं वाईट नाही वाटत?" मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "रोज वाटतं. म्हणून तर नोंद नीट ठेवते."

तर पंगतीतल्या प्रश्नाचं उत्तर हे. इंजेक्शन दिलं नाही, कारण ह्यांच्या रक्तवाहिन्या तेवढ्या सशक्त राहिलेल्या नाहीत. ब्लडप्रेशरची गोळी मात्र रोज सकाळी सातला देते, मीठ कमी, आणि संध्याकाळी हात धरून स्टेशनकडच्या रस्त्यापर्यंत फेरी. सावंतवाडीची गाडी उभी असली की हे अजूनही थांबतात आणि सिग्नलकडे बघतात. माझं नाव गेल्या दिवाळीपासून आलेलं नाही.

आणखी एक. दस्तूरांनी १९८५ साली, म्हातारपण, रक्तप्रवाह आणि बुद्धिभ्रंश यांवर पुन्हा एकदा सविस्तर लिहिलं, जे. जे. मध्ये असताना. भाचीने त्याची प्रत काढून आणली आहे. इंग्रजी जड आहे, दोन पानं झाली. आपल्यापैकी कोणी, किंवा कोणाच्या ओळखीचं, त्या काळात ग्रँट मेडिकलला शिकलेलं असेल आणि दस्तूर सरांचं शिकवणं आठवत असेल, तर मला जरूर लिहा. वहीची शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत.